मृगात मृग दिसत नाही

(मुलुंड येथे मुंबई उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. जिल्हा बैठकांत वाचून चर्चा करण्यासाठी.)



आजच्या बैठकीचा विषय ऐकून काही मंडळी बुचकळ्यात पडली. कापसाचा भाव, कांद्याची निर्यात, विजेचे बिल हे सगळे सोडून आम्ही आज आकाशातल्या चांदण्यांवर बोलणार, आणि तेही मुलुंडमध्ये, जिथे रात्री मान वर केली तर इमारतीचा वरचा मजला दिसतो! एका कार्यकर्त्याने तर विचारलेच, "साहेब, आंदोलन संपले की काय?"

आंदोलन संपलेले नाही. उलट, त्याचा एक राहून गेलेला धडा आज गिरवायचा आहे. तो धडा असा: जे आपल्याला आपल्या डोळ्यांनी पाहता येते आणि आपल्या हाताने मोजता येते, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेण्याची सवय लागली की माणूस हळूहळू सगळेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकू लागतो. भाव काय, ते व्यापारी सांगतो. वजन किती, ते मापाडी सांगतो. पाऊस किती पडला, ते मंडळातले यंत्र सांगते. आणि पेरणी कधी करायची, ते भिंतीवरचे कॅलेंडर सांगते.

नक्षत्र म्हणजे काय?

इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना पावसाची नक्षत्रे तोंडपाठ असतील. रोहिणी २५ मेच्या सुमाराला, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि सप्टेंबरच्या शेवटी हस्त. अंधेरीत जन्मलेल्या पोरालासुद्धा "मृग लागला" म्हणजे काय ते आजीच्या बोलण्यातून ठाऊक असते. पण मृग "लागतो" म्हणजे आकाशात नेमके काय होते, हे आम्ही अनेक गावांत विचारून पाहिले आहे. उत्तर क्वचितच येते.

मृग हा तारकांचा समूह आहे. हरणाच्या चार पायांचे चार तारे आणि मधोमध एका ओळीत तीन तारे, तो बाण. हिवाळ्याच्या रात्री डोक्यावर दिसतो. मुंबईच्या उजेडातही ज्या मोजक्या आकृती ओळखता येतात, त्यांत ही पहिली. आता गंमत पाहा. मृग नक्षत्राचा पाऊस जूनमध्ये, आणि मृगाच्या चांदण्या दिसतात डिसेंबर-जानेवारीत. जूनमध्ये रात्रभर जागलात, आभाळ निरभ्र असले, तरी मृग दिसायचा नाही. का? कारण त्या दिवसांत सूर्यच मृगाच्या जागी असतो. मृग दिवसा उगवतो, दिवसा मावळतो, आणि सूर्याच्या उजेडात लपून जातो. "मृग लागला" याचा अर्थ सूर्य मृगाच्या वाट्याला आलेल्या आकाशाच्या तुकड्यात शिरला. एवढाच.

मग दुसरा प्रश्न. जे दिसत नाही ते आपल्या पूर्वजांना कळले कसे? कोणी अंतर्ज्ञानाने सांगितले नाही. पाहून कळले. चंद्र रोज रात्री एक एक घर पुढे सरकतो. साधारण सत्तावीस दिवसांत फेरी पुरी करतो. म्हणून नक्षत्रे सत्तावीस. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य मावळतो आणि चंद्र उगवतो. तेव्हा पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असेल, त्याच्या समोरच्या बाजूला सूर्य आहे हे ठरले. आपल्या महिन्यांची नावे ही या पाहणीची नोंदवहीच आहे. पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ तो कार्तिक, मृगशीर्षाजवळ तो मार्गशीर्ष, पुष्याजवळ तो पौष, मघांजवळ तो माघ, चित्रेजवळ तो चैत्र. ज्येष्ठाच्या पौर्णिमेला चंद्र ज्येष्ठा नक्षत्राजवळ, म्हणजे वृश्चिकाच्या आकड्यात असतो. त्याच्या बरोबर समोर मृग, आणि तिथे सूर्य. ज्येष्ठात मृगाचा पाऊस येतो तो असा. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती, छापील पंचांग नव्हते. डोळे होते, अंधारी रात्र होती, आणि वर्षानुवर्षे लक्षात ठेवून पुढच्या पिढीला सांगण्याची चिकाटी होती.

रात्री मोटेची पाळी धरणाऱ्याला घड्याळ कोणी दिले होते? बाजले कुठे कलले, तिकांडे किती वर आले, यावरून तो वेळ सांगायचा. गावाकडे सप्तर्षीला बाजले म्हणणारी म्हातारी माणसे अजून सापडतात. आकाश तासाला पंधरा अंश फिरते हे त्यांना आकड्यात माहीत नव्हते, पण पाळी चुकत नव्हती. आणि शेतीपंपाला रात्रीची वीज देऊन सरकारने वर्षानुवर्षे शेतकऱ्याला चांदण्यांखाली उभे केलेच आहे. अजूनही पुष्कळ ठिकाणी तो उभा आहे. निदान वर पाहून वेळ तरी ओळखू या!

पाहणे थांबले, छापणे सुरू झाले

आता दुखरी गोष्ट. पाहून मिळवलेले ज्ञान कागदावर आले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पुढे कागद राहिला आणि पाहणे सुटले.

सूर्य एखाद्या नक्षत्रापासून निघून पुन्हा त्याच नक्षत्रापाशी यायला जो काळ लागतो, तो ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी जास्त आहे. वीस मिनिटांचा फरक कोणाला कळणार? पण बहात्तर वर्षांत त्याचा एक दिवस होतो. हजार वर्षांत चौदा दिवस, म्हणजे एक पुरे नक्षत्र. शिवरायांच्या काळात सूर्य मृगात शिरायचा तो ऋतूंच्या हिशेबाने आजच्यापेक्षा सुमारे पाच दिवस आधी. दीड हजार वर्षांपूर्वी, वराहमिहिराच्या काळात, सुमारे तीन आठवडे आधी. म्हणजे तेव्हाचा मृग मेच्या मध्याला पडायचा. पाऊस मात्र सूर्याच्या उत्तरेकडे येण्याशी, जमीन आणि समुद्र तापण्याशी बांधलेला आहे. मृगाच्या चांदण्यांशी त्याचे काही नाते नाही. चांदण्या सरकतात, मोसमी वारा सरकत नाही.

हे सांगणारे परके कोणी नव्हेत. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. त्यांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला आणि पंचांगातले हे घोळ मांडले. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली समिती बसली, आणि २२ मार्च १९५७ पासून ऋतूंशी जुळणारी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती सरकारी कागदावर आहे. शिवारात तिला कोणी ओळखत नाही.

याहून मोठा घोळ वाहनांचा. "यंदा मृगाचे वाहन हत्ती, भरपूर पाऊस"; "आर्द्रेचे वाहन गाढव, पाऊस ओढ देणार." पेरणीच्या आधी गावोगाव पारावर याचीच चर्चा असते. हे वाहन निघते कसे ते एकदा समजून घ्या. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहायचे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे. आलेल्या संख्येला नऊने भागायचे. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, आणि काही उरले नाही तर हत्ती. झाले! यात वारा कुठे आहे? समुद्राचे तापमान कुठे आहे? ढग कुठे आहे? ही भागाकाराची बाकी आहे. आणि ही बाकी महाबळेश्वरला तीच, माणदेशातल्या म्हसवडला तीच. एका जिल्ह्यात दोन टोकांना पावसात कित्येक पटींचा फरक. हत्ती मात्र एकच.

आम्ही कृषी पदवीधर. आमच्या शास्त्राचा सल्ला साधा आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरले आणि पुढे तीन आठवडे उघडीप पडली की बियाणे गेले, खत गेले, मजुरी गेली. दुबार पेरणीच्या कर्जावर कोणत्या हत्तीची सही असते? सावकाराच्या वहीत नाव शेतकऱ्याचेच लागते.

म्हणून आम्ही म्हणतो, नक्षत्र हे तारखेचे नाव आहे, पावसाची हमी नव्हे. आजोबांना हसू नका. ते पाहत होते. आपण पाहत नाही आणि त्यांचे शब्द तेवढे वापरतो, हसू आले तर याचे यावे.

वेसाव्याचे पाऊणपट गणित

तुम्ही म्हणाल, हे सगळे गावाकडचे. मुंबईत याचे काय? मुंबईतच याचे उत्तम उदाहरण आहे. अंधेरीच्या वेसाव्याला, मढला, गोराईला जा आणि जुन्या कोळ्याला विचारा, भरती किती वाजता. तो तिथी विचारेल. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, अकरा-बाराच्या सुमाराला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दुपारचा आकडा तोच ढोबळमानाने रात्रीचा.

हा आकडा आला कुठून? चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, आणि भरती त्याच्या मागोमाग रोज तेवढीच उशिरा येते. पन्नास मिनिटे म्हणजे ढोबळ पाऊण तास. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण; अष्टमीच्या सुमाराला त्यांची ओढ आडवी-उभी होते, तेव्हा भांग. डोल जाळ्याला पाण्याची जोराची ओढ लागते, म्हणून कोळ्याचा रोजगार चंद्रावर बांधलेला. पाहणे सुटले तर चूल बंद. म्हणून त्याचे पाहणे सुटले नाही. मिनिटामिनिटाच्या भरतीसाठी छापील तक्ता लागतोच, पण हा नियम कोणत्याही वर्षी, कोणत्याही कागदाविना, तासा-अर्ध्या तासाच्या फरकाने खरा ठरतो. नक्षत्राचे वाहन आणि कोळ्याची पाऊणपट, दोन्ही गणितेच. पण एक रोज समुद्रावर तपासले जाते, दुसरे कधीच तपासले जात नाही. ज्ञान आणि समजूत यांतला फरक हा एवढाच आहे.

२६ जुलै २००५ कोणी विसरलेले नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. पौर्णिमा २१ जुलैला झाली होती, तिला पाच दिवस उलटले होते. पाच पाऊणे पावणेचार. आणि त्या दुपारी चारच्या सुमारालाच भरती होती. आभाळ फाटलेले, समुद्र चढलेला, नाल्यांचे पाणी बाहेर पडायला वाट नाही. ऑफिसे सुटली आणि माणसे पाण्यात शिरली. पाऊस अडवणे कोणाच्याच हाती नव्हते. पण "आज चारला भरती आहे, सहापर्यंत कोणी खाली उतरू नका," एवढे सांगू शकेल असा माणूस किती चाळींत, किती कारखान्यांत होता? हे ज्ञान याच शहराच्या किनाऱ्यावर, लोकलने तासाभराच्या अंतरावर होते.

इथून काय दिसते?

अंधाऱ्या गावातून निरभ्र रात्री एका वेळी दोन-अडीच हजार तारे नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतात. घाटकोपरच्या गच्चीवरून ते बोटांवर मोजण्याइतके उरतात. तरी शिकायला ते पुरे आहेत. खर्च शून्य. आम्ही इथल्या मंडळींना पाच कामे देतो.

पहिले, ध्रुव. अंधेरीहून बोरिवलीकडे लोकल धावते ती जवळपास उत्तरेला. त्या दिशेला तोंड करा. हात ताठ करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी ठेवा. त्याच्या जरासा खाली ध्रुव. त्याची उंची मुंबईत १९ अंश, कारण मुंबई १९ अक्षांशावर आहे. नागपूरला तो २१ वर दिसेल, सांगलीला १७ वर. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा सुट्टीत गावी जाऊन येणाऱ्या पोराला स्वतःच्या मुठीत मिळतो.

दुसरे, सावली. गच्चीवर एक काठी सरळ उभी करा. मेच्या १५-१६ तारखेला दुपारी साडेबारा वाजून पाच मिनिटांच्या सुमाराला तिची सावली नाहीशी होते. सूर्य बरोबर डोक्यावर. कोल्हापूरला हा दिवस आठवडाभर आधी येतो, नाशिकला २० मेच्या सुमाराला, नागपूरला २६ मेच्या सुमाराला. सूर्य उत्तरेकडे चालला आहे आणि त्याच्या मागून मोसमी वारा येणार आहे, ही त्याची पावले. जुलैच्या अखेरीस तो परत जाताना पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग पाहू देत नाहीत.

तिसरे, मावळतीचा सूर्य. मुलुंडच्या पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. डिसेंबरच्या शेवटी सूर्य कोणत्या खांद्याआड जातो आणि जूनच्या सुरुवातीला कोणत्या, ते एकाच खिडकीतून टिपून ठेवा. दोन टोकांत पाच मुठींचे अंतर पडते. डोंगर नसेल तर समोरच्या इमारती चालतील.

चौथे, शुक्र. पहाटेची चांदणी आणि संध्याकाळची चांदणी हे दोन तारे नव्हेत, एकच ग्रह आहे, हे वर्ष-दोन वर्षे पाहिले की कळते. आणि आज जिथे दिसला, आठ वर्षांनी त्याच तारखेच्या सुमाराला जवळपास तिथेच दिसतो. मूल पहिलीत असताना नोंद करा, नववीत ताडून पाहा.

पाचवे, चंद्र आणि भरती. तिथीची पाऊणपट करून वेळ काढा आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन तपासा.

मार्गदर्शन हवे असेल तर मुंबई गरीब नाही. हॅलेचा धूमकेतू १९८५-८६ साली आला, त्या निमित्ताने इथे खगोल मंडळ उभे राहिले आणि वांगणीच्या अंधारात रात्र रात्र आकाश दाखवू लागले. वरळीला १९७७ पासून नेहरू तारांगण आहे. हौशी माणसांनी नोकऱ्या सांभाळून हे काम केले आहे. सूर्यग्रहण पाहायचे तर मात्र थेट सूर्याकडे पाहू नका. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर प्रतिमा पाडा. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात मुंबईचे रस्ते ओस पडले होते. दारे लावून बसायला लावणारी भीती आणि डोळे सांभाळून पाहायला लावणारी काळजी, यांत आपण कोणाच्या बाजूचे ते ठरवू या.

आणि मग आंदोलन

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. याचा शेतकऱ्याच्या लढ्याशी संबंध काय?

अतिवृष्टी झाली की नाही, हे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला का, यावर ठरते. फळपिकाच्या हवामानावर आधारित विम्याचे पैसे मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्यांवर ठरतात. तुमच्या शिवारात ढग फुटला आणि पाच कोसांवरच्या यंत्रावर तो पडला नाही, तर कागदावर तुमचे नुकसान झालेलेच नाही. आपण तहसीलसमोर बसतो, घोषणा देतो. साहेब विचारतात, "तुमच्याकडे नोंद काय?" तिथे आपली पाटी कोरी.

सरळ भिंतीचा कोणताही डबा उघड्यावर ठेवा, सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाणी मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. डबा रुंद की अरुंद, फरक पडत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. गावातल्या दहा घरांनी दहा डबे ठेवले, वही राखली, तर ती वही उद्या विमा कंपनीचे यंत्र बाद करणार नाही. तसे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. पण फेरतपासणी मागताना हातात नुसता राग असण्यापेक्षा दहा घरांची जुळणारी नोंद असणे, यात फार फरक आहे. केंद्रे वाढवा, जवळ आणा, ही मागणी त्या वहीच्या आधारानेच जोर धरेल.

पण डब्यातले पाणी रोज सकाळी न चुकता मोजण्याची शिस्त एकदम अंगी येत नाही. ती येते कुतूहलातून. ज्या पोराने वर्षभर खिडकीतून मावळता सूर्य टिपला, ज्या पोरीने काठीची सावली नाहीशी होताना स्वतः पाहिली, ती "साहेब म्हणतात म्हणून" एवढ्यावर गप्प बसणार नाही. तिला पुरावा मागायची आणि पुरावा द्यायची सवय लागलेली असेल. अशी माणसे आम्हाला प्रत्येक तालुक्यात हवी आहेत.

तेव्हा जिल्हा बैठकांपुढे आमचे तीन प्रस्ताव. एक, प्रत्येक शाखेने पावसाळ्याआधी पावसाची वही सुरू करावी. दोन, मुंबईतल्या शाखांनी सुट्टीत गावी जाताना एक रात्र गावच्या पोरांना अंगणात बसवून आकाश दाखवावे, आणि गावच्या म्हाताऱ्यांकडून चांदण्यांची गावरान नावे लिहून घ्यावीत. ती माणसे गेली की ती नावेही जातील. तीन, पेरणीचा निर्णय वाहनावर नाही, ओलीवर घ्यावा, आणि तो ग्रामसभेत सर्वांनी मिळून बोलून घ्यावा.

वर पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यावर सेस नाही, आडत नाही, लेव्ही नाही. शेतकऱ्याच्या हातात बंधनाविना उरलेली एवढी एकच गोष्ट आहे, तीही आपण होऊन सोडून देऊ नका.